वरची सळई

मी बांधकाम निरीक्षक होतो असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. वरकमाई किती व्हायची, आणि स्वतःचं घर कुठं केलंत. इमारत कशानं उभी राहते हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही. इमारत आपोआप उभी राहते आणि निरीक्षक फक्त तिला आडवा येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शिकलेल्या माणसांत ती जरा जास्तच घट्ट आहे.

डिप्लोमा करून मी साताऱ्याकडून इथं आलो तेव्हा खाडीपलीकडचं हे नवं शहर बरंचसं कागदावर होतं. वाशीला उतरलं की सेक्टरच्या पाट्या दिसत, सेक्टर दिसत नसत. कार्यालयातल्या मोठ्या नकाशावर जुनी गावं म्हणजे रंग न दिलेले ठिपके होते. प्रत्यक्षात सगळं उलटं होतं. करावे गावात चुली पेटत होत्या, जाळी वाळत होती, आणि नकाशात हिरवा रंग दिलेल्या जागी गुडघाभर चिखल. आमचे साहेब मात्र नकाशावर काठी ठेवून पाहुण्यांना सांगायचे, इथं बाग आहे. पाहुणेही मान डोलवायचे.

माझं काम सांगायला सोपं होतं. इमारतीचं जोतं झालं की बघायचं, प्रत्येक स्लॅब भरण्याआधी त्यातलं लोखंड बघायचं, आणि लोक राहायला येण्याआधी सगळं बघून भोगवट्याच्या दाखल्याची शिफारस करायची. बघायचं म्हणजे शिडी चढून, वाकून, टेप लावून बघायचं असा माझा गैरसमज होता. माझ्या बरोबरीचे निरीक्षक खालूनच मान वर करत, 'ठीक आहे' म्हणत आणि कंत्राटदाराच्या शेडमध्ये पंख्याखाली जाऊन बसत. त्यांचे बूट कायम स्वच्छ असत. निरीक्षकाची पारख करायची तर आधी त्याचे बूट बघावेत, हे माझं मत तेव्हा झालं आणि पुढं ते बदलायची वेळ आली नाही. त्यातला एकजण मला म्हणाला होता, "नवा आहेस म्हणून चढतोयस. गुडघे दुखायला लागले की तुलाही खालून दिसायला लागेल." त्याच्या गुडघ्यांचं वय तेव्हा फार तर तीस असेल.

माझी थोरली बहीण परळच्या एका चाळीत राहायची. खोली मधली, दोन्हीकडं शेजाऱ्यांच्या भिंती, पुढं सामायिक गॅलरी आणि तिच्यावर वाळत घातलेली साऱ्या मजल्याची धुणी. भर दुपारी बारालासुद्धा आत दिवा लावावा लागे. लग्न होऊन त्या खोलीत गेल्यापासून ताईचं एकच मागणं होतं, उजेडात बसायला आपली म्हणून एक जागा. दागिना नको, फ्रिज नको. मी गेलो की विचारायची, "तुमच्या त्या नव्या गावात घराला बाल्कनी देतात का रे?" मी म्हणायचो, देतात. त्यावर ती आणखी काही विचारत नसे, पण चहात साखर जास्त पडलेली असायची.

दाजी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या कचेरीतल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली, वाशीला भूखंड मिळवला, आणि दाजी सोसायटीचे सेक्रेटरी झाले. त्यांना बांधकामातलं काही कळत नव्हतं, पण फायलीला दोरा कसा बांधायचा हे पक्कं कळत होतं. आपल्याकडं तेवढ्यावर माणूस कशाचाही सेक्रेटरी होऊ शकतो. सेक्रेटरी या नात्यानं त्यांनी दुसऱ्या मजल्यावरचा खाडीकडं तोंड असलेला फ्लॅट आधीच स्वतःच्या नावावर लावून घेतला आणि उरलेल्या फ्लॅटसाठी अत्यंत निःपक्षपातीपणे चिठ्ठ्या टाकल्या. त्या एका लबाडीबद्दल मात्र मी त्यांना नावं ठेवली नाहीत, कारण बाल्कनी ताईची होणार होती.

ही इमारत माझ्याच वाट्याला आली. साहेबांना मी सांगितलं होतं, माझी बहीण त्यात राहणार आहे, दुसऱ्या कुणाला तरी द्या. साहेब म्हणाले, "अहो, प्रत्येक इमारतीत कुणाची ना कुणाची बहीण राहणारच." त्यांना हे बोलणं फार आवडलं असावं, कारण दिवसभर ते येईल त्याला ऐकवत होते.

इथं थोडं लोखंडाबद्दल सांगायला हवं. खोलीचा स्लॅब चारी बाजूंनी टेकलेला असतो, तो मध्ये खाली वाकू बघतो, म्हणून त्याची मुख्य सळई खालच्या अंगाला असते. बाल्कनीचं तसं नसतं. ती भिंतीतून नुसती बाहेर आलेली असते. हात समोर ताठ धरून त्यावर भरलेली कळशी ठेवा, ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो. बाल्कनीचंही तेच, म्हणून तिची सळई वरच्या अंगाला हवी. ती खाली गेली तर असून नसल्यासारखी. काँक्रीट भरेपर्यंत ती सळई लोखंडाच्याच छोट्या घोड्यांवर उचलून धरलेली असते आणि तिच्यावर कुणी पाय द्यायचा नसतो. यापेक्षा अवघड यात काहीही नाही. दहावीच्या पोरालाही समजतं. समजत नाही ते सोसायटीच्या सभासदांना.

पहिला स्लॅब कंत्राटदारानं पितृपक्षात भरला होता. कंत्राटदार कराव्याचा. शेती गेली, मिठागर गेलं, तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यानं मिक्सर घेतला आणि ज्या जमिनीवर भात पेरायचा तिथंच खडी ओतू लागला. पितृपक्षात मजूर रिकामे असतात म्हणून त्यानं स्लॅब उरकून घेतला. ते कळल्यावर सभासदांत हलकल्लोळ झाला. सोसायटीच्या सभेत सिमेंटच्या प्रतीवर कधी कुणी तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी दोन तास पितरांवर चर्चा झाली. ठराव असा झाला की दुसरा स्लॅब मुहूर्त काढून, पूजा घालून, सहकुटुंब उपस्थित राहून भरायचा. ठराव मांडला दाजींनीच.

दिवाळीनंतरचा मुहूर्त निघाला, सकाळी सुरू होऊन बाराला संपणारा. आदल्या संध्याकाळी मी वर चढून सगळं लोखंड बघितलं. बाल्कनीची सळई जिथं हवी तिथं होती, घोडे मजबूत होते. कंत्राटदाराला बजावलं, उद्या कुणाला वर सोडलंस तरी बाल्कनीवर सोडू नकोस. तो म्हणाला, "मी सांगीन, साहेब. पन मालक लोकं माजा ऐकतील का?"

सकाळी मला यायला थोडा उशीर झाला. ठाण्याकडून येणाऱ्या रस्त्यावर एक ट्रक आडवा पडला होता. मी पोचलो तेव्हा खालूनच वर पैठण्या दिसल्या. शिडीनं वर गेलो आणि जे बघितलं ते आजही डोळ्यांसमोरून जात नाही. सगळ्या स्लॅबवर विजेच्या नळ्या आणि तुळयांचं लोखंड, उभं राहायला मोकळी जागा ती काय बाल्कनीपाशीच. शिवाय तिथं खाडीचा वारा. म्हणून पूजेचा चौरंग बाल्कनीच्या सळयांवर फळ्या टाकून मांडला होता. दाजी आणि ताई पूजेला बसले होते, शेजारी गुरुजी, मागं अध्यक्ष, खजिनदार, त्यांच्या बायका, सासवा, नातवंडं. फोटोग्राफर सगळ्यांना आणखी जवळ सरका म्हणत होता आणि सगळे सरकत होते. जन्मभर बसमध्ये सुद्धा एकमेकांना जागा न देणारी ही माणसं त्या दिवशी सळयांवर खांद्याला खांदा लावून उभी होती. त्यांच्या पायांखाली घोडे कधीच आडवे झाले होते.

मी सगळ्यांना खाली उतरायला लावलं. फळ्या उचलल्या. सळई खालच्या साच्याला जाऊन चिकटली होती. मी मिक्सर बंद करा म्हणून सांगितलं.

कंत्राटदार लगेच कबूल झाला. म्हणाला, "साहेब, काल तुमी बगितली तशीच होती. हे लोकं चढली तिच्यावर. दोन तास द्या, नवीन घोडे लावून उचलून घेतो. माजी काय हरकत नाय." त्या सगळ्या गर्दीत शहाण्यासारखं बोललेला तो एवढा एकच माणूस, आणि त्यालाच सभासद अडाणी म्हणायचे.

दाजी पुढं आले. कपाळावर ओला कुंकवाचा टिळा, हातात नारळाची अर्धी वाटी. "नारळ फुटलाय," ते म्हणाले. "बाराला मुहूर्त संपतो. दोन तास थांबायचं म्हणजे भर राहूकाळात स्लॅब भरायचा."

मी म्हणालो, "दाजी, ही बाल्कनी तुमची आहे."

"म्हणूनच म्हणतोय. माझ्या बाल्कनीची काळजी मला आहे. सळई आहे ना आत? वर काय नि खाली काय, लोखंड ते लोखंड."

खजिनदारांनी दुजोरा दिला. हा गृहस्थ खात्यात ऑडिट करायचा. एका बिलावर तिकीट उजवीकडं लावलं की डावीकडं, यावर लोकांचे पगार अडवणारा माणूस मला सांगत होता की वर काय नि खाली काय. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. गुरुजींना मी विचारलं की तुम्ही तरी सांगा, मुहूर्त पुढं नेता येतो का. गुरुजी म्हणाले, शास्त्रात सोय आहे, पण यजमानांची इच्छा पाहिजे. यजमान दक्षिणा देणार होते, तेव्हा त्यांच्या इच्छेचा मान राखणं गुरुजींना भाग होतं.

 शालूचा पदर सावरत ताई शिडीपाशी उभी होती. मी जवळ गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "काय बिघडलं रे?"

"ताई, ही अशीच भरली तर बाल्कनी धरणार नाही. आज नाही पडायची, पण भरवसा राहणार नाही."

"मग थांबव ना."

"थांबवतोय."

पण थांबवणं माझ्या हातात नव्हतं हे मला तासाभरात कळलं. मी लेखी नकार देऊन कार्यालयात गेलो आणि साहेबांपुढं उभा राहिलो. माझ्या आधी अध्यक्षांचा फोन पोचला होता. साहेब म्हणाले, "पूजा तुमच्याच मेव्हण्याची, बाल्कनी तुमच्याच बहिणीची, आणि तक्रार तुमचीच. घरचं भांडण इथं कशाला आणता?" मी त्यांना कळशीचं उदाहरण देऊन समजावू लागलो. ते इंजिनियर होते, त्यांना समजावायची गरज नव्हती, त्यांना ते पूर्ण समजलेलं होतं. समजून न समजल्यासारखं करायचं म्हणूनच त्यांना ती खुर्ची मिळाली होती. मी परत साइटवर गेलो तेव्हा बाल्कनीत काँक्रीट पडून वर गोणपाट टाकून झालं होतं, आणि खाली पेढे वाटत होते. मलाही दिला. मी तो रेतीच्या ढिगावर ठेवला.

पुढच्या महिन्यात मला उरणच्या बाजूला टाकलं, गोदामांची कामं बघायला. गोदामाला बाल्कनी नसते, तेव्हा तुमची सोय झाली, असं साहेब म्हणाले. माझ्या जागी स्वच्छ बुटांच्या निरीक्षकांपैकी एकजण आला. त्यानं इमारत पास केली. त्याआधी साहेब स्वतः एकदा तिथं गेले, बाल्कनीत उभे राहिले आणि बुटाची टाच दोनदा आपटून म्हणाले, "दगड आहे, दगड." हे मला दाजींनी सांगितलं, आणि सांगताना स्वतः टाच आपटून दाखवली, पण घरातल्या फरशीवर.

वास्तुशांतीला मी गेलो. फरशीला अजून पॉलिश नव्हतं, पण आधीच बाल्कनीच्या दाराच्या बाहेर, भिंतीला लागून, दोऱ्यासारखी एक चीर दिसत होती. अशा बाल्कनीला जिथं चीर जायला हवी नेमकी तिथं. मी ताईला ती दाखवली आणि सांगितलं, इथं पाय टाकायचा नाही. मुलांना सोडायचं नाही, कुंड्या ठेवायच्या नाहीत. तिनं कडी लावली आणि दारापुढं लोखंडी कपाट ओढलं. दाजींनी आठवड्याच्या आत सिमेंटचं पाणी सोडून चीर बुजवली आणि गेली म्हणून जाहीर केलं. बाल्कनी भक्कम आहे हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, पण स्वतः तिकडं फिरकत नसत. खाडीचा वारा सोसत नाही म्हणे. वारा सोसत नव्हता तर खाडीकडचा फ्लॅट कशाला लाटला, हे मी विचारलं नाही, कारण ताई समोर होती.

उपाय नव्हता असंही नाही. जमिनीपासून दोन खांब उचलून बाल्कनीच्या बाहेरच्या टोकांना आधार दिला असता तर काम झालं असतं. मी चित्र काढून दिलं. सोसायटीच्या सभेत ते दोन वर्षं फिरलं. पहिल्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, खांबानं आमची शोभा जाईल. तळमजल्यावरच्यांचं म्हणणं, स्कूटर कुठं लावायची. अध्यक्ष म्हणाले, एका सभासदाच्या बाल्कनीसाठी सगळ्यांच्या पैशाला हात कसा लावायचा. पूजेच्या दिवशी तीच बाल्कनी सगळ्यांची होती. दाजी खांबाच्या विरोधात बोलले, कारण खांब घातला म्हणजे त्या दिवशी आपण चुकलो असं होईल. चूक कबूल करण्यापेक्षा बायकोला अंधारात बसवणं त्यांना परवडलं. अशा माणसांना मी आयुष्यभर मनातून खालच्या पायरीवर ठेवलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मी उरणहून जमेल तेव्हा यायचो. दर वेळी चीर बघायचो, म्हणजे कपाट थोडं सरकवून दाराच्या फटीतून. सिमेंट पुन्हा फुटलेलं असायचं. दर वेळी ताईला बजावायचो, आणि ती हो म्हणायची. मग मी दाजींना, अध्यक्षांना, साहेबांना शिव्या घालायचो आणि ताई समोर बसून ऐकायची. त्या खोलीत दुपारी दिवा लागलेला असायचा. कपाटानं दाराचा उजेड अडला होता.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. एका दुपारी मी न कळवता गेलो. दार ताईच्या मुलीनं उघडलं. आत दिवा बंद होता आणि खोली उजेडानं भरलेली. कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं होतं. बाल्कनीचं दार सताड उघडं, आणि बाहेर, अगदी कठड्यापाशी, ताई चटईवर पाय पसरून बसली होती. हातात काही काम नव्हतं. नुसती खाडीकडं बघत होती.

मी दारातूनच ओरडलो. "ताई, आत ये आधी. तुला किती वेळा सांगितलंय?"

तिनं मान वळवली. उठली नाही. म्हणाली, "गेला महिनाभर रोज बसतेय."

"पडली तर?"

"पडली तर पडली." मग म्हणाली, "तुझं खरं आहे रे. पहिल्या दिवसापासून तुझंच खरं होतं, हे मला ठाऊक आहे. ह्यांनाही ठाऊक आहे, तुझ्या साहेबालाही असणार. पण तुझं खरं असून मला काय मिळालं? चाळीत भिंत होती, इथं कपाट. त्यांनी पूजा घालून माझी बाल्कनी घालवली आणि तू बरोबर असून घालवलीस."

 इतकी वर्षं ज्यांना ज्यांना मी नावं ठेवत आलो, त्या सगळ्यांबरोबर तिनं मला एका ओळीत उभं केलं होतं, आणि तेही आवाज न चढवता. राग यायला हवा होता, तो आला नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी दारातून खाली बघितलं. चीर होती तिथंच होती, आता तिच्यात नखाची कड जाईल एवढी रुंद.

"ये की, बैस," ती म्हणाली.

मी बसलो नाही. आम्हा दोघांचं वजन तिथं नको, हे मला त्याही वेळी सुचलं. मी म्हणालो, "मग निदान कठड्याजवळ बसू नकोस. भिंतीला टेकून बस. भिंतीजवळच्या वजनानं ताण कमी पडतो."

 ती उठली, चटई ओढून भिंतीशी आणली, आणि पाठ टेकून पुन्हा पाय पसरले. त्या इमारतीत माझ्या हातून झालेली दुरुस्ती ती एवढीच.